एकास सत्त्याऐंशी

कुंपणापलीकडचे आमचे शेजारी निवृत्त आहेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये अख्खी रेल्वे आहे. रूळ, स्टेशन, मेंढ्या, मेंढ्यांवर डोळा ठेवून बसलेला कुत्रा, सगळं एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात. आमचा दिवाळीचा किल्ला पाहून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "स्केल काय?"

मी किल्ल्याकडे पाहिलं. महादरवाजातून जायचं तर मावळ्याला रांगावं लागलं असतं. हत्ती पायथ्याच्या गवळणीच्या गुडघ्याला येत होता. वर सिंहासनावर महाराज. ते उभे राहिले असते तर मेलबर्नच्या आमच्या अख्ख्या टार्नीट उपनगरावर सावली पडली असती.

"स्केल नाही," मी म्हणालो, "मान आहे. ज्याचा जेवढा मान, तेवढी त्याची उंची."

"मग ही दूधवाली एवढी मोठी कशी?"

कुंभारवाड्यात ती तशीच मिळते, हे मी सांगणार होतो. तेवढ्यात चिखलात बसलेली कन्या म्हणाली, "ती हिरकणी आहे. बाळासाठी रात्री कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज आहे रायगडावर." शेजाऱ्यांनी टोपी काढली. माझ्या प्रश्नांना ते कधी टोपी काढत नाहीत आणि उत्तरांना तर नाहीच.

कॅनबेरात कॉकिंग्टन ग्रीन नावाची छोट्या इमारतींची बाग आहे, 1979 पासूनची. तिथलं इंग्लिश खेडं एकास बारा. घराच्या मानाने दार, दाराच्या मानाने माणूस, सगळं कसं इस्त्री केलेलं. आमच्याकडे माप डोळ्यावर, आणि डोळा फराळाच्या डब्यावर.

सामानाचं म्हणाल तर मेलबर्नची पश्चिम बाजू किल्ल्यासाठीच घडवलेली आहे. सह्याद्रीसारखीच ही जमीनही लाव्हारसाची; परसात कुदळ मारली की काळा बेसॉल्ट खण्णकन वाजतो. लोक पैसे मोजून तो उपटून न्यायला लावतात, आम्ही कडे म्हणून जपतो. माती ओली असताना बूट सोडत नाही आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तटाला तीनशे वर्षांचं जुनेपण फुकटात. गोणपाट बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. शनिवार-रविवारी त्यांच्या दारात सॉसेज भाजत असतात, म्हणून गोणपाट आणायला पोरं एका पायावर तयार.

अळीव पेरले की दोन-चार दिवसांत गड हिरवा. पण ऑक्टोबर म्हणजे इथे वसंत, आणि वसंतात मॅग्पायला पिल्लं असतात, सबुरी नसते. ओल्या मातीतले किडे शोधत तो भल्या पहाटे आला. 1665 साली वज्रगडाचा बुरूज पाडायला दिलेरखानाला तोफा वर चढवाव्या लागल्या होत्या. यानं हिरकणी बुरूज चोचीनं उरकला.

खरी टंचाई मावळ्यांची. पुण्याहून आणावेत तर विमानतळावर जैवसुरक्षेचे लोक: माती, पेंढा, बिया, लाकूड, सगळं जाहीर करायचं. मी सैन्य जाहीर केलं. अधिकारी बाईंनी स्टीलच्या टेबलावर एकेक मावळा ओळीनं मांडला, मग उलटा करून त्याचे तळवे पाहिले, कुणाच्या पायाला घाटावरची माती तर नाही ना.

"हा कोण?"

"पहारेकरी."

"आणि हा वाघ?"

"गुहेतला."

पेंढा कचऱ्यात गेला, सैन्य सुटलं. आग्र्याहून सुटका पेटाऱ्यातून झाली, यांची सुटकेसमधून.

तरी शिबंदी अपुरी पडतेच. मग चिरंजीव भरती काढतात. यंदा टकमक टोकावर लेगोचे हाय-व्हिज जॅकेटवाले कामगार नारिंगी शंकू लावून उभे होते, कुणी पडू नये म्हणून. रायगडाच्या इतिहासात त्या टोकावर ही सोय प्रथमच झाली. गुहेत वाघाच्या जोडीला डायनोसॉर, पायथ्याच्या शेतात कांगारू. मी हरकत घेतली, तर बायकोनं निवाडा दिला: डायनोसॉर बाहेर, कांगारू आत. "1674 मध्ये कांगारू होते, डायनोसॉर नव्हते." यात खोट काढायला इतिहास मंडळालाही जमणार नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी, हे मी शेजाऱ्यांना अभिमानानं सांगितलं.

"हा आहे त्यात?"

"रायगड आहे. हा रायगडच."

ते कांगारूकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चिमटा घेऊन आले, गुडघ्यांवर बसले आणि गॅरेजमधल्या मेंढ्या एकेक करून शेतात ठेवल्या. अगदी मापात. कांगारूच्या पायाशी त्या सांडलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात, पण त्यांचा हट्ट, निदान एवढं तरी प्रमाणात असू दे.

पुढच्या दिवाळीआधी पुण्याहून कुणी मेलबर्नला येणार असेल तर कृपा करून मूठभर पहारेकरी आणि एखादा गोलंदाज आणा. वाघ पुरेत. वर्तमानपत्रात गुंडाळा, पेंढ्यात नको, आणि विमानातल्या कार्डावर न विसरता जाहीर करा.