अर्धं भरलेलं पेन

स्टुटगार्ट,
रविवार, ३१ मे २०२६

ती. आई आणि ती. नाना यांना,


आई, तुझे साडेनऊ म्हणजे आमचे सहा, हे मी तुला ओवीच्या जन्मापासून सांगते आहे. आज रविवारी पहाटे फोन वाजला तेव्हा नानांना काही झालं की काय म्हणून माझ्या पोटात गोळा आला. आणि तू विचारलंस काय, तर "अस्तराचा डाग गेला का गं?" परांजप्यांच्या केदारने तिकडे काय कळवलंय ते मला समजलं. तू त्याच्याबरोबर पाठवलेली बॅग उघडली तेव्हा तो समोरच चहा पीत बसला होता. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवते. मध्येच कुकरला, ओवी-इशानच्या भांडणाला आणि कपड्यांच्या घड्यांना उठावं लागणार आहे, तेव्हा विषय तुटला तर सांभाळून घ्या.

आधी चांगली बातमी. अधिकाचं वाण सुखरूप पोचलं. ३३ च्या ३३ अनारसे अखंड, एकही तुटला नव्हता. 'नव्हता' लिहिते आहे, कारण आता डब्यात फक्त खसखस उरली आहे. तुमचे जावईबापू अभिजित विचारत होते, हा महिना दर तीन वर्षांनीच का येतो. मेतकूट, गोडा मसाला, कोकमं, सगळं मिळालं. बॅग तर इतकी देखणी झाली आहे की आजीची पैठणी कापली म्हणून मी तुझ्यावर रुसले होते ते मागे घेते. काठ बरोबर झाकणावर आले आहेत. तुझ्या शिंप्याला माझा नमस्कार सांग.

नाना, आता तुमचं प्रकरण.

ओवीला शाळेने शाईच्या पेनाचं लायसन्स दिलं ही बातमी तुम्ही संभाजी मैदानावरच्या सगळ्या फिरणाऱ्यांना सांगितलीत असं कळलं. विनोद नाही, खरंच तसं कार्ड मिळतं. आधी पेन्सिल, मग रेघेवर नीट अक्षर काढून दाखवायचं, मग बाई सही करून कार्ड देतात. तुम्ही स्कूटरच्या लायसन्ससाठी आठचा आकडा काढला होता, तुमच्या नातीने जोडून अक्षरं काढली. त्यावर तुम्ही केदारबरोबर तिला तुमचं शाईचं पेन पाठवलंत. पण लायसन्स मिळालं म्हणून गाडी आजोबांची, आणि तीही टाकी भरून, हे कुणी सांगितलं होतं? टाकी भरून तरी कुठे! केदार म्हणाला, "नाना म्हणाले, पूर्ण भरलं तर गळेल, म्हणून अर्धंच भरलंय."

नाना, तिथेच घोटाळा झाला. विमानातली हवा साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असते तेवढी विरळ ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे तुमचं पेन कळसूबाईच्याही वर चढलं. बाहेरचा दाब कमी झाला की पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पेन काठोकाठ भरलेलं असेल तर आत हवाच थोडी, म्हणून गळतीही थोडी. रिकामं असेल तर प्रश्नच मिटला. अर्ध्या भरलेल्या पेनात मात्र फुगायला हवाही भरपूर आणि सांडायला शाईही भरपूर. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाने असा मध्यम मार्ग काढावा!

आतलं अस्तर फिक्या गुलाबी सॅटिनचं. चेनच्या कप्प्याखाली पापडाएवढा निळा-काळा डाग, मध्ये फिका आणि कडेला गडद. शिवणीवरून शाई खाली उतरलेली, आणि चेनच्या पट्टीने तर ती पोटभर प्यायलेली. एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या छोट्या कप्प्यात, आई, तुझं टोपण नसलेलं बॉलपेन होतं. त्याने मुंबई ते स्टुटगार्ट सगळा प्रवास अस्तरावर लिहून काढला आहे. मी तुला किती वेळा सांगितलं, भारतीयांना परदेशी जाताना भरावा लागणारा फॉर्म १ जुलै २०१७ पासून बंद झाला. तरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात "फॉर्म भरायला लागेल" म्हणून तू पेन घालतेसच.

मग मी डागाचा फोटो 'मुलुंडकर' ग्रुपवर टाकला आणि पहिला उपाय तीस सेकंदांत आला. शुभामावशी म्हणाली, नेलपॉलिश काढायचं औषध लाव. मावशीला सांग, अस्तर कशाचं आहे ते कळल्याशिवाय ती बाटली जवळसुद्धा आणायची नाही. सॅटिन अॅसिटेटचं निघालं तर अॅसिटोनने कापडच विरघळतं. हे मी लिहिल्यावर तिचं उत्तर, "मग डाग गेलाच की!" बेबीआत्याने कोमट दूध सुचवलं. दुधाने शाई थोडी फिकी होईलही, पण नंतर बंद बॅगेतून जो वास येईल त्याला कुणाचं दूध लावू? वहिनीचा हेअरस्प्रे आणि दादाचं सॅनिटायझर त्यातल्या त्यात शहाणपणाचे, कारण दोन्हींत काम करतं ते अल्कोहोल. पण सॅनिटायझरचा चिकटपणा आणि हेअरस्प्रेचा सुगंध मागे राहतो. मग सरळ स्पिरिटच का नको? खालच्या साठेकाकांनी "अस्तर फाडून टाका" असं लिहून वर हसरा चेहरा टाकला. काकांना विचार, सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटलाही त्यांचा हाच सल्ला आहे का? त्यावरून आठवलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी अखेर सही केली म्हणे! आता निदान पार्किंगची भांडणं नव्या इमारतीत, जास्त चौरस फुटांत होतील.

ओवीने वेगळाच उपाय आणला. इथल्या मुलांकडे शाई पुसायचं पेन असतं. त्यातल्या रसायनाने शाईचा रंग उडतो. शाई जागेवरच असते, फक्त दिसेनाशी होते. पण ते चालतं शाळेतल्या निळ्या शाईवर. तिने शिवणीजवळ एक ठिपका करून पाहिला, नानांच्या पक्क्या शाईला ढिम्म फरक पडला नाही. नाना, तुम्ही तिला फोनवर पुन्हा एकदा दांडेकर बंधूंची गोष्ट सांगितलीत ना, १९३१ साली 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या आणि गोळ्यांनी सुरू झालेल्या कॅम्लिनची, तेव्हापासून ती वर्गात सांगत फिरते की पेलिकन १८३८ पासूनची असली तरी माझ्या आजोबांची शाई मुंबईहून येते. अभिजितला शंका आहे की तुम्ही त्या पेनात १९६२ पासून म्हैसूरला बनणारी मतदानाची शाईच भरलीत. ती सिल्व्हर नायट्रेटची असते, कातडी आणि नख वाढेपर्यंत जात नाही.

आता स्पिरिटचं. मुलुंडला रात्री दहाला खाली उतरून केमिस्टकडून आणलं असतं. इथे केदार गेल्या आठवड्यात शनिवारी रात्री आला. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी दुकानं बंद. हे नुसतं दुकानदारांच्या आळसावर सोडलेलं नाही, रविवारची विश्रांती इथल्या राज्यघटनेत आहे. त्यातून तो रविवार पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा, म्हणजे सोमवारीही सुट्टी. अस्तरावर शाई वाळत चाललेली आणि अख्खा देश दोन दिवस विश्रांती घेत होता.

आमच्या इमारतीच्या नियमांत तर रविवारी वॉशिंग मशीन लावायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, व्हॅक्यूम फिरवायचा नाही. काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण आत पडताना वाजतात. जिना झाडायची पाळी आली की दारावर पाटी लटकते, आणि ते काम शनिवारीच उरकायचं. खालच्या आजी येऊन कठड्यावरून बोट फिरवून पाहतात. आई, तुझ्या खालोखाल मी आयुष्यात कुणाला घाबरले असेन तर त्या आजींना.

रविवारी पाळीने एक औषधाचं दुकान उघडं असतं. तिथेही दार उघडत नाहीत, छोट्या खिडकीतून देतात आणि अवेळी उठवल्याचे अडीच युरो वेगळे घेतात. अभिजित ट्रॅम बदलून तिथे गेला. खिडकीतल्या बाईंनी काळजीने विचारलं, "जखम कुठे आहे?" तो म्हणाला, "सासूबाईंच्या बॅगेला."

पक्क्या शाईचं काम मी तोवर थंड पाण्याने सुरू केलं होतं. तुझ्या माहितीसाठी रीत लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी ग्रुपवर विचारायला नको. अस्तर ओढून पूर्ण बाहेर काढायचं. अस्तर आणि पैठणीच्या मध्ये प्लास्टिकची पिशवी सरकवायची, काठाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. डागाखाली जुन्या टॉवेलची घडी. वरून ओला कापूस दाबायचा, घासायचं नाही. घासलं की डाग पसरतो आणि सॅटिनची झळाळी जाते. कडेकडून मध्याकडे यायचं, कापूस निळा झाला की बदलायचा. बॉलपेनला पाणी काही करत नाही, त्याची शाई तेलकट. तिथे स्पिरिट, पण आधी शिवणीच्या आत लपलेल्या टोकावर लावून अस्तराचा रंग सुटत नाही ना ते बघायचं. गरम पाणी नाही, इस्त्री तर डाग जाईपर्यंत मुळीच नाही. उष्णतेने तो कायमचा बसतो.

अस्तर उलटं केलं तेव्हा शिवणीतून डांबरगोळ्यांचा वास आला. आजीच्या कपाटाचा. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्या कपाटात लपायचो आणि ती मुद्दाम दुसरीकडे शोधत बसायची. अभिजितने विचारलं, स्पिरिटने डोळे चुरचुरतायत का? मी हो म्हटलं.

निकाल असा: बॉलपेनचा प्रवास पुसला गेला. नानांची शाई मधल्या भागात फिकी झाली, कडेची रेघ आणि चेनची पट्टी मात्र जशीच्या तशी. मग सोमवारची सुट्टी संपल्यावर मी बॅग दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्या गृहस्थांनी चष्मा लावला, काठावरून हात फिरवला, कौतुक केलं आणि नुसतं अस्तर बदलायचे १४० युरो सांगितले. नाना, एक युरो साधारण शंभर रुपये धरा आणि खुर्चीत बसून हिशोब करा. वर सहा आठवडे लागतील म्हणाले. मुलुंड स्टेशनबाहेर चेन, रनर, पट्टा लावून देणारे काका बसतात, त्यांच्याकडे बॅग टाकायची, पलीकडून भाजी घ्यायची, गजरा घ्यायचा, परत येईपर्यंत काम तयार. एवढ्या पैशात त्यांनी मला सुटकेससकट नवी करून दिली असती. मी त्या गृहस्थांना धन्यवाद दिले आणि बॅग घेऊन बाहेर आले. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. बहिणीने बहिणीला असा भाव सांगायचा नसतो.

तुमच्याकडच्या बातम्यांना उत्तरं राहिली. बंटीने लग्न नोंदणी पद्धतीनेच करायचं म्हटल्यावर शुभामावशी दोन दिवस जेवली नाही हे वाचलं. तिला म्हणावं, कालिदास नाट्यगृहातल्या नाटकाला जाऊन ये, भूक लागेल. मेट्रोच्या खांबांमुळे एलबीएसवर रिक्षाला किती वेळ लागतो ते दादाने रेकॉर्ड करून पाठवलं, मला ते हॉर्नसुद्धा ऐकावेसे वाटले. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही. नाना, रक्तदाब मोजल्यावर आकडा कळवायचा असतो, "ठीक आहे" हा आकडा नाही.

आता मुख्य गोष्ट. अधिक महिन्यामुळे यंदा गणपती पुढे गेले, १४ सप्टेंबरला. इथली उन्हाळ्याची सुट्टी १२ तारखेला संपते आणि गणपतीच्याच दिवशी, सोमवारी, ओवीची शाळा उघडते. दोन दिवसांची रजा मागितली तर शाळा देत नाही, न विचारता ठेवलं तर दंड. तुमच्याकडे आरती चालू असेल तेव्हा मी तिचा डबा भरत असेन. म्हणून आम्ही ऑगस्टमध्ये येतोय, तिकिटं काढली आहेत. गणपती बसताना नसू, पण मूर्ती ठरवायला नाना ओवीला घेऊन जातील. बॅग मी बरोबर आणते आहे. अस्तर स्टेशनबाहेरच्या काकांकडूनच बदलायचं, आणि या वेळी गडद रंगाचं.

तोवर कुणाहीबरोबर काहीही पाठवू नका. पाठवायचंच असेल तर पेन रिकामं करून आणि टोपण लावून.

तुमची,
मंजू

ता. क. : मेतकूट संपत आलंय. तेवढं मात्र पाठवा.