टायरांची पैसेवारी

आयुष्याची चौतीस वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात घालवून मी अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालो, तेव्हा पंचनामे, जबान्या, मोजण्या आणि पैसेवाऱ्या यांच्याशी असलेला माझा ऋणानुबंध कायमचा संपला अशी माझी समजूत होती; परंतु ज्या माणसाला एक भाचा आणि एक जावई आहे, आणि त्या दोघांनीही एकाच वर्षी, एकाच कारखान्याच्या, एकाच पोपटी रंगाच्या साडेसहाशे सी.सी.च्या मोटारसायकली खरेदी केल्या आहेत, त्याची निवृत्ती केवळ पगारापुरती असते, हे मला गेल्या आषाढात कळून चुकले.

वाद टायरांचा होता. गाडीबरोबर आलेले मूळ टायर झिजल्यावर दोघांनीही ‘स्पोर्ट-टूरिंग’ या जातीचे टायर बसवले होते. या नावातच कलहाचे बीज आहे. ‘स्पोर्ट’ म्हणजे वळणावर गुडघा जमिनीला टेकवण्याची आकांक्षा आणि ‘टूरिंग’ म्हणजे सामानसुमानासह सासरवाडीला धडधाकट पोहोचण्याची गरज. या दोन पदांचा समास टायरवाल्यांनी केला खरा, पण तो द्वंद्व आहे हे सांगायचे ते विसरले. त्यातले पहिले पद भाच्याने धरले होते, दुसरे जावयाने. भाचा एका कारखान्यात इंजिनिअर आहे. टायर वळणात कसा ‘उतरतो’, रस्त्याला कसा ‘चिकटतो’, यावर तो तासभर बोलतो. जावई बँकेत आहेत. ते टायरच्या किमतीला तो चालेल त्या किलोमीटरांनी भागतात, आणि आलेला भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत जेवताना ऐकवतात. भाच्याचे टायर इटालियन, जावयांचे फ्रेंच. दोन्ही टायरांची नावे मी लिहीत नाही, कारण हे लिखाण दोन्ही घरांत वाचले जाणार आहे.

जावयांना त्यांचे टायर मिळवायला चार महिने थांबावे लागले होते. २०२० च्या जून महिन्यात केंद्र सरकारने परदेशी टायरांची आयात ‘मुक्त’ या वर्गातून काढून ‘निर्बंधित’ या वर्गात टाकली. परवान्याशिवाय टायर देशात येणार नाही, असा हुकूम झाला. परवाना हा शब्द ऐकताच मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले, आणि त्या काळ्या वर्तुळाकडे मी प्रथमच आदराने पाहिले. त्याच्या कडेवर छापलेला मजकूर भाच्याने मला वाचून दाखवला. ‘१६०/६० झेडआर १७’: टायरची रुंदी १६० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या साठ टक्के, आत बसणारे चाक १७ इंचाचे. शिवाय लंबगोल चौकटीत चार आकडे. पहिले दोन जन्माचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. क्षेत्र, आकार, जन्मतारीख, सगळे एका ओळीत! इतका सुटसुटीत सातबारा मी नोकरीत असताना एकदाही पाहिला नव्हता.

दोघांना पुण्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला, म्हणजे जावयांच्या घरी जायचे होते. त्या सुमारे पावणेचारशे किलोमीटरांत कोणाचा टायर किती झिजतो आणि कोणाचा घाटात कसा वागतो, याचा सोक्षमोक्ष लावायचा, आणि त्यासाठी पंच म्हणून मला न्यायचे असे ठरले. “मामा, तू निःपक्षपाती आहेस,” भाचा म्हणाला. “बाबा, आपल्या हाताला मोजणीची सवय आहे,” जावई म्हणाले. जावयाच्या विरुद्ध निकाल देणारा सासरा या महाराष्ट्रात अद्याप जन्माला यायचा आहे, आणि भाच्याच्या विरुद्ध निकाल दिल्यास राखीपौर्णिमा दीड महिन्यावर होती. तरीही मी होकार दिला, कारण जावयांनी मोजणीसाठी आणलेले ते यंत्र मला फार आवडले. बोटभर लांबीचे यंत्र. त्याची सुई टायरच्या खाचेत उभी धरली की लहानशा काचेवर खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत उमटते. सरकारने मला चौतीस वर्षे साखळी आणि फूटपट्टी यांच्यावर काढायला लावली होती.

पहाटे पाच वाजता मी लाल बांधणीची एक वही, दोन पेने आणि ते यंत्र घेऊन भाच्याच्या मागे बसलो. बसलो हा शब्द सौजन्याचा आहे. या गाड्यांवर मागच्या माणसासाठी ठेवलेली जागा पाटाएवढीही नसते, आणि चालवणाऱ्याच्या आसनापेक्षा ती वीतभर उंच असते. त्यामुळे कात्रजच्या बोगद्यातून मी माळ्यावरच्या हंड्यासारखा, केव्हाही खाली येईन अशा बेताने, बाहेर पडलो.

खंबाटकीचा घाट चढताना टायरशास्त्राचा पहिला पाठ मिळाला. “मामा, गाडी वळवायची नसते, वाकवायची असते, आणि तूही तिच्याबरोबर वाक,” अशी सूचना पुढून आली. नोकरीत मी सर्व वरिष्ठांपुढे, सर्व दिशांना, विनातक्रार वाकलो आहे; परंतु डाव्या हाताला दरी असताना डावीकडे वाकावे, हे माझ्या पाठीच्या कण्याला मान्य होईना, आणि मी प्रत्येक वळणावर गाडीच्या उलट बाजूला झुकून तिला कायद्याच्या मार्गावर आणण्याचा प्रयत्न करू लागलो. वर पोहोचल्यावर भाच्याने हेल्मेट काढून घाम पुसला आणि टायर फारच उत्तम असल्याचे सांगितले. दुसरा कोणताही टायर असता तर आपण दोघे आता शिरवळच्या दवाखान्यात असतो, असे त्याचे म्हणणे पडले.

पुढे कोल्हापूरपर्यंत रस्ता सरळ, म्हणून विचाराला सवड होती. टायरची मोठी गंमत अशी, की जो गुण त्याला रस्त्याशी धरून ठेवतो तोच त्याचा जीव घेतो. मऊ रबर डांबराच्या बारीकसारीक खडबडीत शिरते, दबते, तापते, आणि म्हणून धरते. आणि म्हणूनच तिथे स्वतःचा थोडा अंश ठेवून पुढे जाते. कठीण रबर कोणाच्या अध्यातमध्यात पडत नाही, म्हणून दीर्घायुषी होते, आणि ऐन पावसात, ऐन वळणावर, त्याचा तो अलिप्त स्वभाव नडतो. यावर युक्ती म्हणून एकाच टायरमध्ये दोन रबरे वापरतात: मध्यभागी, जिथे सरळ रस्त्यावर सारा भार असतो, तिथे कठीण, आणि दोन्ही कडांना, जिथे गाडी वाकल्यावर टेकते, तिथे मऊ. ओल्या रस्त्यावर रबराने धरावे म्हणून त्यात सिलिका मिसळतात. अंगणात करडा आणि माजघरात प्रेमळ असे पूर्वीचे कर्ते पुरुष असत. त्यांच्यात काय मिसळलेले असे कोण जाणे.

झिजणे आणि खपणे यांचे नाते टायरवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. १९०० साली मिशेलिन बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका छापली आणि तिच्या सुमारे पस्तीस हजार प्रती फुकट वाटल्या. त्या वेळी साऱ्या फ्रान्समध्ये तीन हजार मोटारीही नव्हत्या. लोकांनी दूरवर हिंडावे, हिंडले की टायर झिजावेत, झिजले की नवे घ्यावेत, असा सरळ हिशेब. या मार्गदर्शिकेच्या ज्या ताऱ्यांसाठी जगातले आचारी आज रात्रीचा दिवस करतात, त्यांचा उगम टायरच्या खपात आहे. हे मी कोल्हापुरात मिसळ खाताना सांगितले, तेव्हा जावई म्हणाले, “मग बाबा, या कटाला किती तारे?” मी सात दिले आणि दोन ग्लास पाणी मागवले.

मिसळीनंतर मोजणी. येथे मला माझ्या जुन्या धंद्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. गावाची पैसेवारी काढताना पीककापणीसाठी शेताचा तुकडा निवडतात; रस्त्याकडेचा तुकडा निवडला की गाव सुकाळात, ओढ्यापलीकडचा निवडला की टंचाईत, आणि कोणता निवडायचा हे पिकावर नसून निवडणाऱ्यावर अवलंबून असते. टायरचेही नेमके तसेच निघाले. जावयांनी सुई मधल्या खाचेत धरली, भाच्याने कडेच्या. मधली खाच दोघांचीही उथळ, कडेची दोघांचीही खोल. जावयांच्या टायरच्या कडेला तर दोन बोटे रुंदीचा पट्टा अजून कोरा होता, नव्या लुगड्याच्या काठासारखा, घडीसुद्धा न मोडलेला. “एवढं वाकतच नाहीत ते कधी,” भाचा माझ्या कानात म्हणाला. मी वहीत लिहिले: ‘पूर्व व पश्चिम सीमा पडीक.’ अखेर प्रत्येक मागच्या टायरच्या मधल्या खाचेत खडूने तीन खुणा करून त्याच तीन जागी मोजायचे आणि सरासरी घ्यायची, असा ठराव झाला आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

निपाणी सोडून उत्तूर-आजऱ्याच्या वाटेला लागलो तसा पाऊस सुरू झाला, आणि आंबोलीपर्यंत धुके, पाऊस आणि समोरच्या ट्रकच्या चाकांतून उडणारे पाणी यांतला फरक करणे मी सोडून दिले. खाचा असतात त्या या पाण्याकरिताच. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरच अधिक धरतो, म्हणून शर्यतीतल्या गाड्यांना नक्षी नसते. नक्षी ही टायरखालच्या पाण्याला वाट काढून देण्यासाठी असते. दोन चाकांचे मिळून दोन तळहातांएवढे रबर काय ते जमिनीला टेकलेले असते, आणि त्या दोन तळहातांवर गाडी, भाचा, मी आणि लाल वही अशी चार ओझी होती. घाटमाथ्यावर रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा चाकाखाली आला तेव्हा मागचे चाक अर्धी वीत सरकले, पुन्हा धरले, आणि भाचा “बघितलंस कसं सावरलं!” असे आनंदाने ओरडला. मी डोळे मिटलेले असल्यामुळे पाहिले नव्हते.

मुक्काम आंबोलीत. रात्री व्हरांड्यात विजेरीच्या उजेडात मोजणी केली: भाच्याचा टायर ५.४१, जावयांचा ४.८८. सकाळी पुन्हा तीच सुई त्याच खुणांवर धरली, तर भाच्याचा ५.४६ आणि जावयांचा ४.९२! उभ्या रात्रीत, धुक्यात, दोन्ही टायरांची खोली वाढली होती. सुई पाव रेघ तिरपी झाली की एवढा फरक पडतो, असा भाच्याने खुलासा केला. परंतु आंबोलीच्या पावसात दगडावर शेवाळ वाढते, पत्र्यावर वाढते, पोस्टाच्या पेटीवर वाढते, तिथे रबर वाढणार नाही हे मी कोणत्या आधारावर लिहावे? वहीत नोंद केली: ‘पर्जन्यमान समाधानकारक, पीकपरिस्थितीत सुधारणा.’

सावंतवाडीला पोहोचल्यावरचा आकडा मात्र स्पष्ट होता. कोल्हापुरापासून भाच्याचा टायर ०.२१ मिलिमीटर झिजला, जावयांचा ०.११. जावयांचा चेहरा फुलला, विहीणबाईंनी सुरमई तळली, आणि माझा पेच सुटला, कारण निकाल जावयांच्या बाजूने लागत असताना त्यात मला काहीही करावे लागले नव्हते. पुढच्या दोन दिवसांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते सगळे माशांविषयी आहे.

परतताना न्याय म्हणून मी जावयांच्या मागे बसलो. त्यांचे टायर बंगळूर रस्त्यावर सात हजार किलोमीटर सरळ, समान वेगाने, पापभीरू वृत्तीने चालले होते, आणि त्यामुळे मध्यभागी सपाट झाले होते. अशा टायरची गाडी वळणात घातली की ती प्रथम काहीच करत नाही. मग एकाएकी, ओट्यावरून खाली पाय पडावा तशी, कडेवर उतरते. प्रत्येक वळणावर जावई “सावकाश, बाबा,” म्हणत, जणू गाडी मीच चालवत होतो. भाचा आरशातून हसत होता. पिरेलीने एके काळी एका स्पोर्ट-टूरिंग टायरच्या नक्षीत देवदूताची आकृती कोरली होती आणि टायर झिजत गेला की तिचा सैतान होई, असे त्याने मला आंबोलीला चहा पिताना सांगितले होते. आमच्या फ्रेंच टायरवर तशी आकृती नव्हती, पण समोरून आलेल्या एका लाल एस.टी.पुढे माझी खात्री पटली होती की स्थित्यंतर पूर्ण झाले आहे.

कोल्हापुरात मोजणी केली आणि जावयांचा चेहरा उतरला. त्यांचा टायर आता भाच्याच्या टायरपेक्षा जास्त झिजत होता. फरक थोडाच, ०.०३, पण उलटा. रबर रातोरात स्वभाव बदलते की काय, यावर दोघे कराडपर्यंत बोलत आले, एक एका गाडीवरून आणि दुसरा दुसऱ्या. आणि कराडच्या अलीकडे जावयांच्या मागच्या टायरने खिळा गिळला.

पंक्चरवाल्याची टपरी लिंबाखाली होती. त्याने साबणाचे पाणी टाकून बुडबुडे पाहिले, पकडीने खिळा ओढला, भोकात कानशीची सुई घालून चार-पाच वेळा फिरवली, तपकिरी रबरी वात दुसऱ्या सुईच्या नेढ्यात ओवून, सोल्युशन लावून आत दाबली, एका झटक्यात सुई बाहेर काढली आणि वर राहिलेली शेपटी पात्याने कापली. सगळे मिळून आठ मिनिटे. मग त्याने न विचारता दोन्ही गाड्यांच्या टायरांच्या खाचांत अंगठ्याचे नख घातले. जावयांनी यंत्र पुढे केले. त्याने ते बाजूला सारले.

“दोनीबी टायर ब्येस हायत,” तो म्हणाला. “जाताना हितनंच गेला न्हवं तुमी? तवा ह्ये आबा त्या गाडीवर हुतं. आता ह्या गाडीवर हायत. आबा, वजन किती तुमचं?”

मी सत्याऐंशी म्हणालो. मोजणीच्या कामात मी आजवर खोटे सांगितलेले नाही.

भाचा आणि जावई यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि या प्रवासात प्रथमच त्यांचे एकमत झाले. उरलेल्या दीडशे किलोमीटरांत शुद्ध प्रयोग व्हावा, त्यात बाह्य भार असू नये, असे दोघांनी मला इतक्या आदराने समजावले की पुढच्या वीस मिनिटांत मी कराडच्या एस.टी. स्थानकावर, लाल वही काखेत घेऊन, पुण्याच्या गाडीपाशी उभा होतो. एस.टी.च्या स्वतःच्या कारखान्यात झिजलेल्या टायरांवर पुन्हा नवी नक्षी चढवतात, हे मला ठाऊक होते. मागच्या चाकाची नक्षी चांगली कोवळी दिसत होती, आणि यंत्र अजून माझ्याच खिशात होते. मी गुडघ्यावर बसलो, सुई खाचेत उभी धरली, आणि काचेवर आकडा उमटायची वाट पाहत होतो, तोच वरून कंडक्टरचा आवाज आला, “ओ काका, गाडीत बसताय, का गाडी विकत घेताय?”