अधिक-उणे काका

काकांबरोबर आंबेनळी घाट चढायचा असेल तर पोलादपूरलाच पोटभर खाऊन घ्यावं. कापलेल्या कड्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटकरी मातीची पट्टी दिसली की गाडी थांबलीच म्हणून समजा. "खालचा लाव्हा निवला, त्याची माती झाली, मग वरचा आला," हे ते मागे हॉर्न वाजवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरलाही समजावतात. त्याला कसली घाई आहे हे त्यांना कळत नाही. कडा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं उभा आहे!

मग हातोडी निघते. पहिली ढलपी भिंगाखाली धरतात आणि फेकतात. "हा वय चोरतो!" काकांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नाही. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा त्यातला अरगॉन वायू उडून जातो. दगड थिजला की पोटॅशियम-४० पासून नवा अरगॉन साठायला लागतो, पण इतक्या सावकाश, की निम्मं पोटॅशियम संपायला १२५ कोटी वर्षं लागावीत. पाणी मुरून दगड कुजला तर हा वायू गळतो आणि म्हातारा यंत्रापुढे तरुण म्हणून उभा राहतो. उलट, जुना अरगॉन आत अडकून राहिला तर पोर म्हातारं ठरतं. लोणारच्या विवराचं वय एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं निघालं, अरगॉननं ५ लाख ७० हजार. हा विषय काकांपुढे जेवणाआधी काढू नये.

घरातही तोच खाक्या. मावशी वय सांगत नाही आणि जन्मदाखला कुणी पाहिलेला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमलेल्या असताना काका चष्मा शोधत आले आणि कुणीतरी सहज विचारलं.

"जीवाश्माचं वय थेट निघालं नाही तर खालच्या-वरच्या राखेचं काढायचं," काका खुलले. "पानशेत फुटलं तेव्हा ही आईच्या कडेवर, कोयनेच्या भूकंपाला पहिलीत. म्हणजे जन्म १९६०, अधिक-उणे एक."

बायकांनी तिळगूळ तोंडात धरून ठेवला.

"अहो," मावशी म्हणाली, "आणि आपलं लग्न कधी झालं?"

काकांनी छताकडे पाहिलं. पंखा पाहिला.

"वर्ल्ड कप जिंकला त्याच्या वर," ते म्हणाले, "आणि इंदिराबाई गेल्या त्याच्या खाली."