एक तृतीयांश घोडा

बॅटरीच्या सायकलवरून घाट चढणाऱ्या माणसाला आपल्या पंगतीला कोणीच बसवून घेत नाही. साध्या सायकलीवाला म्हणतो, ही लबाडी; बुलेटवाला म्हणतो, हे खेळणं. माझा दावा असा, की जुन्नर-आंबेगावचा शरद बघायला याहून लायक वाहन नाही, आणि लबाडीचा आरोप निदान या मुलुखात तरी कोणी करू नये. नियम सांगतो की मोटर 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर नोंदणी नको, लायसन नको. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. थोडक्यात, सरकार प्रत्येक नागरिकाला एक तृतीयांश घोडा बिनपरवाना पाळू देतं. आता शिवनेरीच्या परिसरात घोड्याची लाज कोणाला वाटावी? भीमा उगवते ती इथल्याच भीमाशंकरच्या डोंगरात, आणि तिच्या काठच्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांनी मुलूख पालथा घातला. त्या स्वारांना ‘पायी का नाही गेलात?’ असं एकाही बखरकाराने विचारल्याचं ऐकिवात नाही. त्याही आधी, सातवाहनांच्या काळात, कोकणातल्या बंदरांचा माल जनावरांच्या पाठीवरून नाणेघाट चढत होता. तिथल्या लेण्यात नागनिका राणीच्या लेखात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती यांचे आकडे चोख कोरलेले आहेत. राणीसाहेब स्वतः किती पायी चालल्या, याचा आकडा मात्र कोरलेला नाही.

तरीही कोणी म्हणेल, घाम गाळल्याशिवाय डोंगर कळत नाही. मग घामाचाच हिशेब मांडू. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो धरली, तर 500 मीटर उंची चढायला निव्वळ 136 वॅट-तास ऊर्जा लागते. मोटरची गळती धरूनही युनिटचा पाचवा हिस्सा पुरावा. हेच काम पायांनी केलं, तर स्नायू खाल्लेल्या अन्नातला जेमतेम चौथा-पाचवा भाग कामी लावतात, बाकीचं उष्णता होऊन जातं. वडापावाच्या 300 कॅलरी धरल्या, तर चढाला दोन वडापाव पडतात. पेडल मारल्याशिवाय मोटर हलत नाही अशी सायकल असेल आणि भार निम्मानिम्मा वाटला, तर एक. म्हणजे ज्याला आपण नीतिमत्तेचा प्रश्न समजत होतो, तो एका वडापावाचा निघाला.

खरा मुद्दा वेगाचा आहे. शरदात या भागात बघण्यासारखं जे आहे, ते फार बारीक आहे. पावसाळ्यात धबधब्यासाठी माळशेजला लोटलेली गर्दी आश्विनात घरी गेलेली असते. उरते ती उतारावरची पिवळी सोनकी, लोंबीला आलेलं भात आणि धुकं हटल्यावर अचानक जवळ आलेला जीवधन किल्ला. मोटारीच्या काचेतून सोनकी म्हणजे नुसता पिवळा फराटा. पायी जाणाऱ्याला सोनकी दिसते, पण नारायणगावच्या टोमॅटोपासून घाटघरच्या भातापर्यंत पोचायला त्याला दोन दिवस लागतात, आणि मधे ऊस कधी संपला, नाचणी कधी लागली, हे तो पायांच्या गोळ्यांच्या नादात विसरतो. ताशी वीसने गेलं की एका सकाळीत पिकं बदलताना दिसतात. पश्चिमेकडे पाऊस कसा वाढत जातो, हे पर्जन्यमापक न बघता कळतं. शिवाय आवाज नाही. (खोडदच्या 45 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणींनाही पेट्रोल इंजिनातल्या ठिणगीची खरखर नकोशी असते; पण मोटरचा कंट्रोलरही तिथे थोडी कुरबुर करतोच, तेव्हा ही साक्ष मागे घेतो.)

या शांततेवरच एक आक्षेप असा आहे की तिथे माझा युक्तिवाद उताराला लागतो. तो बिबट्याचा. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र उगाच नाही. शरदात ऊस डोक्यावर गेलेला असतो, आणि त्यात वावरणाऱ्या जनावराला गुपचूप येणारी सायकल आवडेलच असं नाही. यात विनोदाला जागा नाही, या भागात माणसं गेली आहेत. म्हणून संध्याकाळ आणि पहाट मी दाव्यातून वगळतो. दिवसाउजेडी, घंटी वाजवत.

राहिला बॅटरी संपण्याचा आक्षेप. संपते. मग नातं उलटतं आणि पंचवीस किलोचा एक तृतीयांश घोडा स्वारावर स्वार होतो. पण पेट्रोल संपलेल्या गाडीला पेडल नसतात, हिला असतात; आणि हिची तहान अर्ध्या युनिटात भागते. आंबेगाव तालुक्यात ज्याच्या नावाने तालुका चालतो ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि कचेरी आहे घोडेगावात. तेव्हा चार्जिंगलाही घोडेगावच बरं, घोड नदीच्या काठी, घोड्याला घोडा. टपरीवाला विजेचे पैसे घेणार नाही, पण तीन तासांत चार चहा होतील. तेवढ्यात कोणीतरी सायकलभोवती एक फेरी मारून हमखास विचारणार, ‘अ‍ॅव्हरेज काय देते?’ उत्तर तयार ठेवावं: चढावर, वडापावाला पाचशे मीटर.