डागाला कारण हवं

छंदिष्टांच्या पुष्कळ जाती आहेत. नाणीवाले, तिकिटंवाले, बोन्सायवाले. हे सगळे आपली वस्तू पुसून, झाकून, जपून ठेवतात. एकच जात अशी, जी महिनाभर खपून नवीकोरी वस्तू तयार करते आणि पुढचा महिनाभर ती बिघडवत बसते. ही छोट्या रेल्वेसाठी इमारती करणाऱ्यांची जात. आमच्या सोसायटीतले काका त्यातले.

बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी मागच्या खोलीत प्लायवूडवर बोरघाटातलं एक स्टेशन उभारायला घेतलं. प्रमाण एच. ओ., म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा हिस्सा. पाहुणे आले की आधी गाडी बघायला मागतात आणि काका दुखावतात. गाडी काय, आयती खोक्यात येते. शिवाय तिचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबानं ते सव्वाएकोणीस हवेत. हे शल्य इतकं खोल, की गाडी धावताना काका रुळांकडे बघतच नाहीत. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातही लोक गाड्या बघतात आणि काका घरांच्या पायथ्याशी चिखल उडालाय का ते बघतात.

इमारत मात्र अस्सल स्वतःची. भिंती सनबोर्डच्या, खांब आइस्क्रीमच्या काड्यांचे, झुडपांखालची माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. फलाटाच्या टोकाला स्टेशनची पिवळी पाटी. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची की तिलाही सत्त्याऐंशीनं भागायचं, यावर एक रविवार गेला.

मग सुरू होतं ‘वय आणणं’. लाकूड जुनं दिसायला व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळवून ते पाणी काड्यांना लावतात. काकांनी त्यासाठी काकूंची भांड्यांची घासणी बुडवली. आठवड्यानं ती होती त्याहून लख्ख निघाली, कारण ती स्टेनलेस. मग पॉलिशवाल्यांचा लोखंडी तारेचा बोळा आणला, काड्या आधी कोऱ्या चहात भिजवल्या, आणि तासाभरात त्या चाळीस पावसाळे खाल्ल्यासारख्या करड्या पडल्या. काकांनी त्या दिवशी पेढे वाटले. कौलांची तऱ्हा वेगळी. ब्रशला रंग लावायचा, तो फडक्याला पुसून टाकायचा, आणि ब्रशवर काहीच उरलं नाही अशी खात्री झाली की तो कौलांवर फिरवायचा. धुळीसाठी खडूची पूड. वर मॅट वॉर्निश मारलं की निम्मी पूड दिसेनाशी होते, म्हणून आधीच दुप्पट घालायची. खोलीतली खरी धूळ मात्र चालत नाही. त्या मापात ती खडीएवढी दिसते. म्हणून काका रोज सकाळी मऊ ब्रशनं खरी धूळ झाडतात, खोटी धूळ नीट दिसावी म्हणून. बाकीच्या घरातली खरी धूळ काकू झाडतात.

काकांचा नियम एकच: डागाला कारण हवं. गंज उतरणार तो खिळ्याखालूनच, शेवाळ धरणार ते फुटक्या पन्हळीखालीच. पन्हळ कधी फुटली, हेही त्यांना ठाऊक असतं. पानाच्या पिचकाऱ्यांना तर त्यांनी तीन आठवडे दिले. साडेपाच फुटी माणूस या मापात एकोणीस मिलिमीटरचा. त्याची पिचकारी भिंतीवर अकरा मिलिमीटरच्या खालीच हवी, कोपऱ्यात दाट आणि बाहेर विरळ. ‘याहून वर गेली तर तो गाडीच्या दारात उभा होता असं होतं, आणि या भिंतीशी गाडी थांबत नाही.’ मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

एकदा एक जाणकार आले. त्यांनी इंजिनघराच्या कमानीवरची काजळी हेरली. ‘घाटात तर १९३०च्या सुमाराला विजेची इंजिनं आली. ही काजळी कशाची?’ काका गप्प झाले. चौथ्या दिवशी त्यांनी फोन करून उत्तर दिलं: ‘काजळी त्याआधीचीच आहे. तेव्हापासून रंग दिलेला नाही. सरकारी इमारत आहे.’

दैवत म्हणाल तर कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचे जॉन ॲलन. लोक छोट्या गाड्या चकचकीत ठेवत, त्या काळात या गृहस्थानं आपलं अख्खं गाव मळवून दाखवलं. १९७३ साली ते गेले आणि काही दिवसांतच त्यांची रेल्वेही आगीत गेली. हे सांगताना काकांचा आवाज अजून जड होतो. डबे ढकलायला ॲलननी इंजिनाऐवजी एक डायनोसॉर ठेवला होता, त्याबद्दल काका मौन पाळतात.

गेल्या वर्षी आमच्या जिन्यात ओल आली. कंत्राटदारानं डागाभोवतीचं प्लॅस्टर फोडायला काढलं, तेवढ्यात काका आले. डाग कुठे रुंद, कुठे निमुळता ते बघितलं आणि म्हणाले, ‘पाणी इथलं नाही. गच्चीच्या कठड्याचा सांधा बघा.’ सांधाच निघाला. तेव्हापासून कुणाकडे गळलं की आधी काकांना बोलावणं जातं. काका येतात, भिंतीला पट्टी लावून फोटो काढतात, कारणही अचूक सांगतात. फक्त निघताना हळूच विनवतात, ‘इतक्यात बुजवू नका हो. रंग छान धरतोय. अजून एक पावसाळा जाऊ दे.’