पासष्टीनंतरची बहीण

महाराष्ट्राच्या कल्याणकारी अर्थशास्त्रात वयाची पासष्टी हा एक विलक्षण टप्पा आहे. त्या दिवसापर्यंत जी स्त्री मुख्यमंत्र्यांची लाडकी बहीण असते, ती तो ओलांडताच शासनाच्या नात्यागोत्यातून बाद होते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत 21 ते 65 वयोगटातील स्त्रियांना दरमहा 1,500 रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले की भागते. त्यानंतर तिने श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेकडे, म्हणजे निराधार वृद्धांना मासिक अर्थसाहाय्य देणाऱ्या जुन्या योजनेकडे, वळावे अशी अपेक्षा असते. रक्कम तीच, 1,500 रुपये. मात्र दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 21,000 रुपयांच्या वर जाता कामा नये. एका वाढदिवसात गरिबीची व्याख्या 2,29,000 रुपयांनी खाली घसरते, आणि मतदानाचा हक्क पासष्टीनंतरही शाबूत असताना हे घडते, याचे राज्यशास्त्रज्ञांनी नवल करावयास हवे.

या 21,000 रुपयांचा अर्थ असा की संपूर्ण कुटुंबाने दिवसाला 57-58 रुपयांत भागवावे. 2025-26 मध्ये रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला 312 रुपये होती. तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले 100 दिवसांचे काम कुटुंबाला खरोखरच मिळाले, तर हाती 31,200 रुपये येत आणि घरातील म्हातारी निराधार राहत नसे. मागूनही काम वेळेवर न मिळण्यामागे म्हातारीविषयीची हीच कणव असावी, असा तर्क करण्यास वाव आहे. साहजिकच, तलाठ्याच्या अहवालावरून तहसील कार्यालयात तयार होणारा उत्पन्नाचा दाखला हा मराठी ललित वाङ्मयाचा एक उपेक्षित प्रकार ठरतो: अर्जदार, सेतू केंद्रातील चालक आणि सही करणारा अधिकारी या तिघांनाही त्यातील आकडा कल्पित असल्याचे ठाऊक असते, पण त्या आकड्यावाचून फाइल पुढे सरकत नाही.

दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या वाट्याला येणाऱ्या 1,500 रुपयांत केंद्राचाही हिस्सा असतो. 1995 मध्ये राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा तो दरमहा 75 रुपये होता. 2007 मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले तेव्हा तो 200 रुपये होता आणि ऐंशी वर्षे पूर्ण न केलेल्यांसाठी पुढेही 200 रुपयांवरच थांबला. श्रावणबाळाच्या कावडीत एका पारड्यात राज्याचे 1,300 आणि दुसऱ्यात केंद्राचे 200 अशी ही विभागणी असल्याने ती कावड कोणाच्या खांद्यावर तोलली जाते, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे. महागाई मात्र 2007 मध्ये थांबली नाही. तिला तसे कळविण्याचे बहुधा राहून गेले.

अर्थात तिजोरीला सढळपणा वर्ज्य आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कराचा मूळ दर, अन्य सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, 22 टक्क्यांवर आणण्यात आला. त्यापायी वर्षाला सुमारे 1,45,000 कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज केंद्रानेच त्या वेळी वर्तविला होता. 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतचे सर्वसाधारण उत्पन्न करमुक्त केले. न घेतलेला कर आणि दिलेले अनुदान यांचा तिजोरीवरील परिणाम एकच असतो, पण पहिल्याचा लाभ घेणाऱ्यास गरज सिद्ध करावी लागत नाही, आणि दुसऱ्याचा लाभ घेणाऱ्या वृद्धेने दरवर्षी हयातीचा दाखला देऊन आपण अद्याप मेलेलो नाही, हे शासनाच्या निदर्शनास आणून द्यायचे असते.

समतेचे तत्त्व पाहावयाचे असल्यास व्यवसाय कराकडे पाहावे. रोजगार हमीला निधी मिळावा म्हणून महाराष्ट्राने 1975 मध्ये हा कर आणला. राज्यघटनेने त्याला वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली असल्याने महिना साडेदहा हजार मिळविणारा कारकून आणि महिना दहा लाख घेणारा व्यवस्थापक दोघेही दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये भरतात.

पासष्टीच्या पेचावर एक उपाय मात्र शासनाला सहज जमण्याजोगा आहे. निवडणुकीच्या तोंडावर 'लाडकी आजी' योजना जाहीर करावी आणि उत्पन्नाची मर्यादा बहिणीचीच ठेवावी. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, 2025 मध्ये पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला आणि विधवांची पंचाईत झाली. तोच अर्ज जसाच्या तसा वापरल्यास छपाईचा खर्च वाचेल. सत्तरीच्या आजीने वडिलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी तेवढा वेळेत सांगावा.