गच्चीवरच्या साठ जणांसाठी चटण्या : नियम, पोटनियम व अपवाद

व्याप्ती. सोसायटीच्या बैठकीत एकतीस डिसेंबरच्या जेवणाचा विषय निघाला असता ज्या सभासदाने 'चटण्या काय, घरीच करू की' असे उद्गार काढले असतील, त्या सभासदास प्रस्तुत मार्गदर्शिका लागू राहील. उद्गार मागे घेण्याची तरतूद नाही. इतिवृत्त लिहिणारे गृहस्थ लिफ्टच्या तक्रारी विसरतात, पण दुसऱ्याच्या अंगावर पडलेलं काम बिनचूक नोंदवतात. वडे केटररकडून, केक बेकरीतून आणि चटण्या घरच्या. कारण घरच्या चटणीला चव असते. शिवाय तिचं बिल येत नाही, पण हे कारण इतिवृत्तात नसतं.

परिमाण. सर्व प्रकार मिळून माणशी १०० ग्रॅम धरावेत. साठ माणसांना ६ किलो. पैकी हिरवी चटणी २ किलो, कारण वड्यालाही तीच लागते आणि सँडविचलाही तीच. चक्क्यातलं लसणीचं डिप दीड किलो, चिंच-खजुराची चटणी १ किलो, वांग्याचं भरीत १ किलो, हमस अर्धा किलो. ठेचा पाव किलो वेगळा. तो हिशेबात धरू नये. ठेच्याबद्दल बोलणारे साठ असतात, खाणारे चार.

हा तक्ता मी भुसावळच्या आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "ग्रॅम कशाला गं? भांडं बघायचं."

कोणतं भांडं, हे तिला विचारू नये. आत्याची मापं 'बेताचं', 'मूठभर', 'लागेल तेवढं' आणि 'दिसतंच की' अशी चार आहेत. चौथं सर्वांत मोठं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी घरांना स्वयंपाक शिकवू लागलं. आत्याने ते पुस्तक घराण्यातल्या प्रत्येक मुलीला लग्नात दिलं. स्वतः कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. "तुम्हाला लागतं ते," एवढंच ती म्हणते, आणि त्या 'तुम्हाला'मध्ये आमची आख्खी पिढी येते.

मार्गदर्शिकेचा खरा हेतू आता सांगून टाकते. आत्याचा अंदाज किलोत बसवून दाखवणे, बस.

गुणाकार. चार माणसांची कृती घेऊन तिला पंधराने गुणणे हा सुशिक्षित मार्ग आहे. कोथिंबीर, दही, वांगी निमूट गुणून घेतात. मीठ, मिरची आणि लसूण घेत नाहीत. या तिघांचं हिशेबाने येईल त्याच्या दोन तृतीयांशच आधी घालावं आणि मग चव घेत वाढवावं. कच्चा लसूण रात्रभर दह्यात राहिला की सकाळी आणखी चढलेला असतो. उलट, गार पदार्थाचं मीठ जिभेला कमी लागतं. म्हणून फ्रिजमधून बाहेर काढल्यावर एकदा चव बघावीच.

हिरवी चटणी. हा या ग्रंथाचा गाभा आहे. निवडलेली कोथिंबीर १ किलो, पुदिन्याची नुसती पानं पाव किलो, हिरव्या मिरच्या १०० ग्रॅम, डाळं २०० ग्रॅम, आलं, जिरं, मीठ, लिंबं. निवडलेली हा शब्द हलक्याने घेऊ नये. डिसेंबरात कोथिंबीर स्वस्त असते, तरी एक किलो निवडायला दोन माणसं, एक वर्तमानपत्र आणि सांगण्यासारखी एक दीर्घ कौटुंबिक भानगड लागते. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नयेत, खरी चव त्यांच्यात असते. पुदिन्याचे मात्र टाकावेत, ते कडवट लागतात.

चटणी काळी का पडते? पानं चिरली-वाटली गेली की त्यांच्यातली विकरं हवेशी गाठ पडताच कामाला लागतात, आणि तापलेला मिक्सर त्यांना मदतच करतो. उपाय तीन. पानं गार हवीत, वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे खडे घालावेत, आणि लिंबू पिळायला शेवटची वाट पाहू नये. डाळं चटणीला धरून ठेवतं, नाहीतर तासाभरात वाटीत तळाशी चटणी आणि वर हिरवं पाणी असे दोन पदार्थ तयार होतात. भरल्यावर वरून प्लास्टिकचा पापुद्रा थेट चटणीवर टेकवावा, म्हणजे मध्ये हवा राहत नाही.

मिक्सरचं भांडं निम्म्याच्या वर भरू नये. थांबत-थांबत फिरवावं. तरीही घरातलं कोणीतरी "एकदाच होऊन जाऊ दे" म्हणून गच्च भरतं आणि मिक्सर मध्येच गप्प होतो. अशा वेळी दुरुस्तीवाल्याला फोन करू नये. प्लग काढावा, दहा-पंधरा मिनिटं त्याला गार होऊ द्यावं, मग उलटा करून तळाशी लाल बटण आहे का पाहावं आणि ते दाबावं. बहुतेक मिक्सरना ते असतं. या एका बटणाच्या ज्ञानावर आमच्या मजल्यावर माझी जी पत आहे, ती माझ्या कोणत्याही पदार्थाने मिळवून दिलेली नाही.

भांडी कोण घासणार, हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे. पण मिक्सरच्या पात्याखाली अडकलेली चटणी ब्रशने काढणारी व्यक्ती आणि गच्चीवर "अजून थोडी आहे का हो?" असं विचारणारी व्यक्ती कधीच एक नसते, हे मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं.

चक्का. एक लिटर दुधाच्या दह्यातून साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का पडतो. दीड किलो डिपला साडेतीन लिटर दूध लावावं. दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच चाळणीत ठेवावं. नळाला टांगलेलं दही दिसायला पारंपरिक असलं तरी सकाळपर्यंत आंबट होतं. खाली जमलेलं पाणी टाकू नये, कणीक भिजवायला घ्यावं. चक्क्यात कोरडी लसूण-खोबऱ्याची चटणी, मीठ आणि चमचाभर गरम तेल. बस, झालं डिप. काकडी घालायची हौस असेल तर ती किसून, मीठ लावून, अर्ध्या तासाने घट्ट पिळावी. मीठ काकडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. ते गच्चीवर, वाटीत, लोकांदेखत निघण्यापेक्षा आधी घरात निघालेलं बरं.

सावधानता : फ्रिजमध्ये चक्का दिसताच घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर श्रीखंड दिसू लागतं. लसूण लवकर मिसळावा.

चिंच-खजूर. तीन दिवस आधी करून ठेवावी. पितळी पातेलं वापरणार असाल तर कल्हई तपासा.

ओल्या नारळाची चटणी. करू नये. ती फ्रिजबाहेर फार वेळ तग धरत नाही, आणि गच्चीवरचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाल्याची नोंद सोसायटीच्या दप्तरात नाही.

भरीत. इथे तटस्थ राहणं मला शक्य नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आत्याच्या घरी त्याची वाट कोणी पाहत बसलं नव्हतं. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात ती हिरवी, पांढुरक्या रेघांची, हाताएवढी वांगी टाकतात. गॅसवर तो धूर येत नाही, येणार नाही, कुणी कितीही सांगो. तरी करायचं असेल तर वांग्याला तेलाचा हात लावा, दोन-तीन चिरा द्या (नाहीतर फुटतं आणि मग गॅसची शेगडी पुसत बसा), आणि साल पूर्ण काळी होऊन देठापाशी मऊ लागेपर्यंत भाजा. भाजून सोलल्यावर वजन निम्म्याच्या आसपास येतं, म्हणून दोन किलो आणा. मिरची आणि लसूणही भाजून घ्या, भरड कुटा, त्यात वांगं ठेचा. मिक्सर नाही. वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात.

गेल्या हिवाळ्यात आत्या आमच्याकडे होती. गुडघ्यांमुळे तिला ओट्याशी उभं राहवत नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. मी वजनकाटा घेऊन मीठ मोजत होते. तिने चव घेतली नाही, वाकून पाहिलंसुद्धा नाही. वास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

मिठाला वास नसतो, हे मी तिला शास्त्रोक्त समजावलं. मग चव घेतली. मीठ कमी होतं.

यावर कलम लिहायचा मी प्रयत्न केला आहे. होत नाही. ती म्हणते, मीठ पुरेसं पडलं की भरिताला पाणी सुटून ते चमकतं आणि लसणाचा वासही वेगळा येतो. असेल. मला चमकही दिसत नाही आणि वासही कळत नाही. मी अजून दहा-दहा ग्रॅमने वाढवते.

हमस. बी विंगमधल्या तरुण सभासदांच्या आग्रहास्तव. काबुली चणे चिमूटभर सोडा घालून रात्रभर भिजवावेत आणि बोटाने दाबताच पीठ होईल इतके शिजवावेत. बहुतेकांचं इथेच अडतं. छोल्यांना पुरतील एवढे शिजले की ते थांबतात, आणि हमस कणीदार होतो. पांढरे तीळ रंग न बदलू देता हलके भाजून तेलासोबत आधी अगदी बारीक वाटावेत, मग चणे, लिंबू, लसूण आणि बर्फाचं पाणी. आत्याने चमचाभर खाऊन पाहिला आणि काळजीने विचारलं, "पिठलं गार का करून ठेवलंस?"

चव पाहणारे. तिखटाचे तीन चमचे झाले की जिभेची साक्ष ग्राह्य धरू नये. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून मध्ये-मध्ये दूध किंवा साय घ्यावी. पाणी पिऊन नुसतं पोट भरतं. नवऱ्यास चव विचारू नये. 'छान आहे' हे उत्तर तो चमचा तोंडात जाण्यापूर्वी देतो.

वाढप. सगळी चटणी एकदम मांडू नये. लहान वाट्या ठेवाव्यात, बाकीचं फ्रिजमध्ये, आणि वाटी संपली की नवी वाटी. जुन्यात ओतू नये. प्रत्येक वाटीत चमचा. चमचा असूनही अर्धा खाल्लेला वडा पुन्हा त्याच वाटीत बुडवणारे एक सन्माननीय सभासद असतात, आणि ते बहुधा देखभाल शुल्काचा हिशेब ठेवतात, त्यामुळे त्यांना उष्ट्याचा नियम सांगायचा कोणी, हा प्रश्न दरवर्षी पुढे ढकलला जातो. त्यांच्या शेजारी ठेच्याची वाटी ठेवून पाहावी.

उरलेलं. ठेचा आठवडाभर टिकतो. चक्क्याचं डिप दुसऱ्या दिवशी पराठ्याबरोबर संपतं. भरीत उरत नाही. हमस बी विंगला पाठवावा. हिरवी चटणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी, लागेल तसा एकेक खडा काढता येतो. मात्र ट्रेवर चिठ्ठी लावावी. आमच्याकडे चिठ्ठी लावण्याआधीच ह्यांनी आत्यासाठी लिंबाचं सरबत केलं आणि गार हवं म्हणून त्यात दोन खडे टाकले. आत्याने सावकाश पेला रिकामा केला. मग मला हाक मारून म्हणाली, "आता पडलं बघ तुझं मीठ बरोबर."